राक्षस, किल्ली आणि बोध

गेल्या नाताळच्या सुमारास आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने अद्भुतकथा लिहून आणली. तीत बोलणारा गरुड होता, पाताळातले नगर होते आणि वर्ग श्वास रोधून ऐकत होता. शेवटी मात्र गरुडाने क्षमेवर दोन पाने प्रवचन दिले आणि मागच्या बाकांवर जांभया सुरू झाल्या. मुलाचे तोंड उतरले. ‘सर, बोध काढून टाकू का?’ त्याने विचारले. तेव्हा चटकन न सुचलेले उत्तर येथे देत आहोत.

ख्रिस्ती विषयावरील अद्भुतकथा मराठीला नवी नव्हे. जॉन बन्यन या इंग्रज धर्मोपदेशकाचे १६७८ सालचे यात्रेकरूचे रूपक हरि केशवजींनी १८४१ मध्येच ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणले. त्यातील पात्रांची नावे म्हणजे कपाळी चिकटवलेल्या पाट्याच. आम्हांस त्या कंटाळवाण्या वाटतात. तरीही निराशा नावाच्या राक्षसाच्या गढीतला प्रसंग पाहा. वाट चुकलेल्या यात्रेकरूला व त्याच्या सोबत्याला राक्षस अंधारकोठडीत डांबतो, सोट्याने झोडपतो. बुधवारपासून शनिवारपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. शनिवारी रात्री प्रार्थना चालू असता यात्रेकरूला एकाएकी आठवते, की ‘अभिवचन’ नावाची किल्ली आपल्या उराशीच आहे! दारे उघडतात, लोखंडी फाटकाचे कुलूप मात्र फार जड जाते, फाटक करकरते आणि राक्षस जागा होतो. येथून बोध काढून टाकला तर किल्लीच जाते, आणि मग सुटका कशी व्हावी?

सी. एस. लुइस यांनी १९५० साली त्या पाट्याही उतरवल्या. बोलक्या प्राण्यांचे एखादे निराळे जग असते, तर ख्रिस्त तेथे कोणत्या रूपाने आला असता? त्यांनी सिंह कल्पिला. एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या लोभाने भावंडांशी दगा करतो. सिंह त्याच्या जागी मरण पत्करतो आणि पुन्हा उठतो. ख्रिस्ताचे नाव कोठेच येत नाही. (नाताळबाबा तेवढा भेटून जातो.)

पण आपल्या मुलांनी विलायती बर्फ कशाला उसना आणावा? कोंकणी ही आमच्या घरची भाषा. तिचे व्याकरण लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, ते मराठी ओव्यांत, आणि स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ती कल्पितकथा नव्हे, हे खरे. परंतु परदेशातून आलेल्या माणसाला जे साधले, ते आपणांस का साधू नये? इंदूरच्या एडमंडला चेटकिणीने मध्यरात्री सराफ्यातली गरम जिलबी दाखवावी. तो भुलेल, याविषयी आम्हांस शंका नाही.

त्या विद्यार्थ्याने कथा परत नेली आहे. आता त्याचा गरुड क्षमेविषयी चकार शब्द काढीत नाही. ज्या शिकाऱ्याने त्याचे पिलू मारले, तोच पुरात सापडला आहे, आणि गरुड त्याच्यासाठी खाली उतरतो आहे. शेवटचे पान अजून लिहून व्हायचे आहे.