लाकडाची तहान आणि इपॉक्सी

1968 साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकट्यानेच, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायला निघाले. त्यांची ‘सुहैली’ ही 32 फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. अटलांटिकमध्ये तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा त्यांनी समुद्रात बुड्या मारून फटीत कापूस ठोकला आणि वर कॅनव्हास व तांब्याची पट्टी मारली. 312 दिवसांनी ‘सुहैली’ इंग्लंडला पोचली.

ही दुरुस्ती कोकणातल्या होडी बांधणाऱ्यांना ओळखीची वाटेल. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फळ्यांचे सांधे घट्ट मिटतात, याच गुणावर जुनी नौकाबांधणी उभी आहे.

इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून केलेल्या लेपाचा, विचार नेमका उलटा. लाकडाला पाणी प्यायलाच द्यायचं नाही! अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या गुजन बंधूंनी 1970च्या आसपास ही पद्धत रुळवली. आपल्याकडचं तिचं अभिमानास्पद उदाहरण म्हणजे ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या या 56 फुटी नौकेच्या भिंतीत मधे लाकूड आणि दोन्ही बाजूंना इपॉक्सीत भिजवलेलं काचतंतूंचं कापड आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2010 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली आणि 2013 मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच कुठेही न थांबता केली.

या लेपाचं सगळं यश तयारीत आहे. लाकडातली ओल साधारण 12 टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर लेपाखाली पाणी कोंडलं जातं. रेझिन आणि हार्डनर ठरल्या प्रमाणातच मिसळावं लागतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला, तर थर मऊ आणि कच्चा राहतो. मिश्रण खोल भांड्यात ठेवलं, तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. म्हणून ते पसरट थाळीत ओततात. वेळही साधावी लागते. सकाळी ऊन चढत असताना लेप दिला, की छिद्रांतली हवा फुगून वर बुडबुडे येतात. दुपार कलल्यावर, लाकूड निवत असताना दिला, तर तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते.

असे दोन-तीन हात द्यायचे. फळीच्या कडांना आणि भोकांना जास्त, कारण लाकूड सर्वाधिक पाणी तिथूनच ओढतं. वाळलेल्या थरावर कधी मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन, थर घासून मगच वर रंग लावायचा. रंग हवाच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी उघडं इपॉक्सी खडूसारखं भुसभुशीत होतं. हातमोजे तर पहिल्या दिवसापासून हवेत; एकदा अ‍ॅलर्जी जडली, की सहसा जात नाही.

खिळ्यांनी जोडलेल्या जुन्या होडीवर मात्र नुसतं बाहेरून इपॉक्सी चोपडू नये. तिच्या फळ्या हलतात, थर तडकतो, आत गेलेलं पाणी अडकतं आणि लाकूड आतून कुजतं. अशा होडीला कापूस आणि तेलच द्यावं.