सेन्सर आहे, तरी नजर हवी

उन्हाळ्यात आपल्या बारामती-इंदापूरकडं फिश टँकमधलं पाणीही भराभर आटतं. पाणी खाली गेलं की लाटा उठवणारा वेव्ह पंप उघडा पडतो, कोरडा फिरून जळतो. आणि माशांना लागणारा प्राणवायू तर हलत्या पाण्यातच नीट मिसळतो.

मागं मी दोन दिवस लग्नाला गेले. पाणी कमी झालं की आपोआप भर घालणारा सेन्सर होता, म्हणून निर्धास्त होते. पण आमचं पाणी बोअरचं. तरंगत्या गोळ्यावर क्षार बसले, गोळा वरच अडकला. सेन्सरला टाकी भरलेलीच वाटली! परत आले तर पंप जळालेला, सात गप्पी मासे मेलेले.

म्हणून काचेवर पाण्याची रेघ आखा. पंप रेघेच्या चार बोटं खाली बसवा. आठवड्याला गोळा काढून लिंबाच्या रसानं पुसा, स्वच्छ धुवा. पाण्याची वाफ होते, क्षार मागंच राहतात. म्हणून नुसती भर न घालता थोडं जुनं पाणी काढून टाका. वीज गेली तर मगानं पाणी उंचावरून सोडत राहा. आणि टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करा, हे विसरू नका.