हृदयाच्या कष्टाचा हिशेब

हृदय हा पंप आहे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण पंप म्हटल्यावर आमच्याकडचा शेतकरी जो प्रश्न सर्वांत आधी विचारेल, की मोटार किती पॉवरची आणि तिच्यावर लोड किती, तो हृदयाविषयी सहसा कुणी विचारत नाही. मी शेवगावात पदार्थविज्ञान शिकवतो, डॉक्टर नाही. तरीही नगरहून किंवा संभाजीनगरहून हृदयाची ‘इको’ तपासणी करून आलेली माणसं अहवाल घेऊन माझ्याकडे येतात. त्यात आकडे असतात आणि आकडे मास्तरांना कळतात, अशी त्यांची समजूत असते. उपचार सांगणं माझं काम नाही. पण त्या आकड्यांमागचं गणित समजून घेणं कुणालाही शक्य आहे, आणि ते समजण्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

साध्या हिशेबाने सुरुवात करू. पंपाचं काम म्हणजे दाब गुणिले ढकललेलं आकारमान. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतो, तेही सरासरी १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध. गुणाकार केला तर एका ठोक्याचं काम ०.९३ ज्यूल येतं. दिवसाला सुमारे एक लाख ठोके धरले, तर १० मीटर खोल विहिरीतून १० लिटरच्या ९५ बादल्या वर ओढण्याइतकं हे काम झालं. मुठीएवढा स्नायू हे रोज करतो आणि त्याला सुट्टी नसते.

आता झडप बिघडली तर काय होतं ते पाहू. विहिरीवरच्या मोटारीला तळाशी जो ‘फुटबॉल’ असतो, तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. महाधमनीच्या तोंडावरची झडप हेच काम करते. निरोगी झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतं. वयोमानाने तिच्यावर कॅल्शियम साचतं. कुणाची झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. कुणाला लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला असतो. अशा कारणांनी तोंड अरुंद होत जातं. ते १ चौरस सेंटिमीटरच्या खाली गेलं, की आजार तीव्र समजतात.

पाट अरुंद झाला की पाण्याचा वेग वाढतो, तसा इथे रक्ताचा वाढतो. वेग वाढवायला लागणारी शक्ती दाबातून येते. हा संबंध डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडला. बर्नुली स्वतः वैद्यकशास्त्राचा पदवीधर होता. त्याच्या सूत्रात रक्ताची घनता घातली आणि उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये काढलं, तर फार सुटसुटीत नियम हाती येतो: दाबातला फरक म्हणजे वेगाच्या वर्गाची चौपट. इको यंत्र ध्वनिलहरींनी वेग मोजतं. तो सेकंदाला ४ मीटर भरला, तर झडपेच्या दोन बाजूंमधला सर्वोच्च फरक ६४ मिलिमीटर. अशा रुग्णात सरासरी फरक साधारण ४० असतो. म्हणजे महाधमनीत १०० चा दाब टिकवायला हृदयाला १४० चा दाब निर्माण करावा लागतो. ९५ बादल्यांच्या जागी १३३ झाल्या.

इथे पहिली फसगत लपलेली आहे. दंडावर पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, तो झडपेच्या पलीकडचा असतो. झडपेत खर्ची पडलेले ४० त्यात दिसतच नाहीत. ‘बीपी नॉर्मल आहे’ हे वाक्य खरं असूनही हृदय दीडपट लोडवर चाललेलं असू शकतं.

दुसरी फसगत याहून घातक आहे. थकलेलं हृदय रक्त कमी फेकतं, म्हणून वेग उतरतो. तो ४ वरून ३ वर आला, तर फरक ६४ वरून ३६ वर येतो. घरचे म्हणतात, आकडा कमी झाला, गुण आला. प्रत्यक्षात झडप होती तशीच आहे, मोटार दमली आहे. म्हणून जाणकार केवळ दाबातला फरक पाहत नाहीत. झडपेच्या अलीकडून किती रक्त आलं आणि झडपेतून ते किती वेगाने गेलं, यावरून तोंडाचं क्षेत्रफळ काढतात. जेवढं आलं तेवढंच गेलं पाहिजे, हा पाटपाण्याचा हिशेब तिथेही चालतो.

झडप अरुंद न होता गळू लागली तर? ७० मिलिलिटर पुढे पोचवायला १४० फेकावे लागतात, कारण निम्मं परत येतं. गुणाकाराने काम दुप्पट, बादल्या १९०. मग गळकी झडप अरुंद झडपेपेक्षा वाईट म्हणायची का? तसं नाही, कारण बादल्यांचा हिशेब इथे अपुरा पडतो. स्नायूचा प्राणवायू मुख्यतः ताण धरून ठेवण्यात खर्च होतो. जास्त रक्त ढकलणं त्या मानाने स्वस्त पडतं. त्यामुळे गळती हळूहळू वाढत गेली तर हृदय ती वर्षानुवर्षं सोसतं. जपानच्या हिरोयुकी सुगांनी १९७० च्या दशकात दाब आणि आकारमान यांचा आलेख घेऊन, बाहेर दिसणाऱ्या कामात आत साठलेली ऊर्जाही मिळवली. या बेरजेचा प्राणवायूच्या खर्चाशी सरळ संबंध निघाला.

ताणाचा नियम लाप्लासचा: दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. दाब वाढला की हृदय भिंत जाड करून ताण पूर्वीइतका ठेवतं. उपाय बिनतोड वाटतो, पण जाड भिंत ताठर होते, सैलावत नाही आणि तिला स्वतःलाच रक्त कमी पडू लागतं.

झडपेच्या पुढे महाधमनी आहे, तिचाही वाटा धरावा लागतो. स्टीफन हेल्सने १७३३ मध्ये तिची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी केली: ठोक्याबरोबर फुगायचं आणि मधल्या वेळात रक्त पुढे रेटायचं. १८९९ मध्ये ओटो फ्रांकने त्याला गणिताचं रूप दिलं. महाधमनी ताठर झाली की ही कोठी निकामी होते आणि प्रत्येक धक्का थेट हृदयावर येतो. म्हणून २००५ मध्ये क्वेबेकच्या संशोधकांनी दोन्ही भार एकत्र धरले: वरचा रक्तदाब अधिक झडपेतला सरासरी फरक, भागिले शरीराच्या मानाने एका ठोक्याचं रक्त. एकाचा रक्तदाब १२० आणि फरक ५०. दुसऱ्याचा १६० आणि ३०. झडप पहिल्याची अधिक खराब. पण दोघांचं हृदय सारखंच रक्त फेकत असेल, तर बेरीज १७० आणि १९०, म्हणजे जास्त ओझं दुसऱ्यावर.

महाधमनीच्या आजाराचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण करणारे केईएम रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये महाधमनीच्या मधल्या भागाच्या अरुंदपणावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. या आजारात हातात रक्तदाब चढा आणि पायात उतरलेला असतो. मूत्रपिंडं अडथळ्याच्या खाली पडली, तर त्यांची अवस्था मुळा कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यासारखी होते. आपल्याला पाणी पोचत नाही म्हणून ती वरून दाब वाढवण्याची मागणी करतात. मागणी पुरी होते, आणि भुर्दंड हृदयाला पडतो.

ही सगळी सूत्रं माणसाचं हृदय नळ्या-कोठ्यांइतकं साधं मानतात, ही त्यांची मर्यादा. निर्णय शेवटी तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण गणित एक गोष्ट ठामपणे सांगतं: हृदय लोड निमूट झेलतं, आणि तक्रार करतं तेव्हा उशीर झालेला असतो. रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की अरुंद झडपेच्या रुग्णाला छातीत दुखू लागल्यावर शस्त्रक्रियेविना सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन शुद्ध हरपू लागल्यावर तीन आणि हृदय थकून धाप लागू लागल्यावर जेमतेम दोन वर्षं मिळतात. आज झडप बदलता येते. पण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची धाप वयाच्या खात्यावर टाकायची पद्धत आहे. कापूस वेचताना जिला दर दोन सरींनंतर बसावं लागतं, तिच्या छातीला एकदा आवाजनळी लागली पाहिजे. अरुंद झडपेतून जोराने जाणारं रक्त बहुधा आवाज करतं, आणि तो ऐकायला इको यंत्रही लागत नाही.