तारेचं नाणं

नाणं म्हटलं की डोळ्यांसमोर गोल चकती येते. आता हे बघा: चांदीची जाडसर तार, मधोमध दुमडलेली, दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले. आजीच्या अंबाड्यातला आकडाच म्हणा ना! पण या आकड्यावर ठसा आहे आणि ठशात सुलतानाचं नाव. ही लारी. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाने (1656–1672) ती पाडून घेतली. ज्याच्या दरबारातून अफझलखान निघाला, तोच हा अली.

तारच का? शेवेचा सोऱ्या आठवा. एकाच ताटलीतून पडलेली शेव सगळी एकाच जाडीची. मग बोट-बोट लांबीचे तुकडे मोडले, तर प्रत्येकाचं वजन जवळपास सारखंच भरणार. चांदीची तारही भोकाच्या पट्टीतून ओढून काढायची. जाडी एकदा ठरली की लांबी मोजायची, कापायचं, दुमडायचं, ठसा मारायचा. गोल चकती करायची तर ठोका, कातरा, तोला, पुन्हा कातरा. इथे वजनाचं काम लांबीनेच उरकलं! एक लारी साधारण पावणेपाच ग्रॅमची.

नाव मिळालं दक्षिण इराणातल्या लार शहरावरून. आखातातल्या व्यापाऱ्यांबरोबर ही तार समुद्रावर निघाली आणि कोकण, मालदीव, श्रीलंका असं करत करत दूरवर रुजली. श्रीलंकेत तिला गळासारखा बाक दिला गेला. तिथे कैदेत जवळजवळ वीस वर्षं काढलेला इंग्रज खलाशी रॉबर्ट नॉक्स 1681 च्या आपल्या पुस्तकात तिची परीक्षा सांगतो: चांदीचा संशय आला, तर नाणं विस्तवात लाल होईस्तोवर तापवायचं आणि पाण्यात टाकायचं. शुभ्र निघालं तरच चालणार. बाजारात उभ्या उभ्या केलेली रसायनशाळाच ही!

मालदीवात 1602 ते 1607 राहिलेल्या पिरार या फ्रेंच माणसाने लिहून ठेवलंय की एका लारीला 12,000 कवड्या मिळत. आणि लारीहून लहान नाणंच नसल्यामुळे सुटे हवे असले की लोक सरळ चांदी कापून, तोलून देत. मालदीवात आजही रुफिया या चलनाच्या शंभराव्या भागाला लारीच म्हणतात. तार गेली, नाव टिकलं.

पण मला सगळ्यात वेड लावते ती संग्राहकांची गंमत. ठसा रुंद आणि तार अरुंद. म्हणजे अख्खा मजकूर एका लारीवर मावणारच नाही! हातोडा पडेल तिथली एक चिंचोळी पट्टी तेवढी उमटते. एकीवर ‘सुलतान’चा शेपटाकडचा भाग, दुसरीवर ‘अली’चं नुसतं वळण, तिसरीवर हिजरी सनाचे दोनच आकडे. एकटी लारी पुरं बोलतच नाही. म्हणून जाणकार एकाच ठशाच्या लाऱ्या शोधत राहतात. भिंग लावून त्या शेजारी-शेजारी मांडतात, एक जरा वर, एक जरा खाली. पाचवी-सहावी लारी जागेवर बसते आणि तुटक रेघ शेजारच्या तारेवर पुढे धावते: सुलतान अली आदिल शाह. ती अख्खी ओळ कुठल्याच एका नाण्यावर नाही.