व्ही १६४७ ओरायनिस : एका तरुण रूपविकारी ताऱ्याची भौतिक वैशिष्ट्ये

प्रस्तावना
हिवाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावरून मृग नक्षत्र ठळकपणे दिसते. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांजवळच मेसिए ७८ ही अभ्रिका आहे. तिच्या परिसरात, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे अंतरावर, व्ही १६४७ ओरायनिस हा तारा आहे. ताऱ्याची वाढ संथ व एकसारखी होते काय, या प्रश्नाचा या ताऱ्याच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोध
जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील हौशी निरीक्षक जे मॅक्नील यांना केवळ ३ इंची दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रात एक नवी अभ्रिका आढळली. तिला उजळविणारा तारा २००३ च्या अखेरीस अकस्मात तेजस्वी झाला होता. जुन्या छायाचित्रांवरून १९६६-६७ मध्येही असाच उद्रेक झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. २००३ चा उद्रेक सुमारे दोन वर्षांत ओसरला. २००८ मध्ये तारा पुन्हा उजळला. या दुसऱ्या उद्रेकाचा २०१३ पर्यंतचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञांनी केला. त्यासाठी लडाखमधील हानले व पुणे जिल्ह्यातील गिरवली येथील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणी वापरण्यात आल्या.

भौतिक वैशिष्ट्ये
या ताऱ्याचे वय दहा लाख वर्षांहून कमी मानले जाते. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.८ पट, तर त्रिज्या जवळजवळ ५ पट आहे. म्हणजे आकुंचन अद्याप पूर्ण झालेले नाही. क्ष-किरणांतील चढउतारांवरून तो सुमारे एका दिवसात स्वतःभोवती फिरतो, असे अनुमान आहे.

ताऱ्याभोवती वायू व धूलिकणांची चकती आहे. तिच्यातील द्रव्य चुंबकीय बलरेषांच्या मार्गाने ताऱ्यावर कोसळते. उद्रेकात हा ओघ वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या ते एक लाखाव्या भागापर्यंत जातो आणि तारा अवरक्तालगतच्या प्रकाशात सुमारे ५ प्रतींनी, म्हणजे शंभरपट, उजळतो. याच वेळी काही द्रव्य वाऱ्याच्या रूपाने सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर फेकले जाते. हायड्रोजनच्या वर्णरेषेच्या निळ्या बाजूस दिसणारे शोषण हा त्याचा पुरावा होय. वर्णरेषांचे हे शास्त्र आपल्या जिल्ह्याला परके नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी व हेलियमच्या पिवळ्या रेषेच्या शोधाशी विजयदुर्गाचे नाव स्थानिक परंपरेने जोडलेले आहे.

निष्कर्ष
तारा संथपणे नव्हे, तर टप्प्याटप्प्याने, उद्रेकांतून द्रव्य मिळवीत वाढतो, या मताला हा तारा बळकटी देतो. आपल्या सूर्याचे बालपणही असेच गेले असण्याची शक्यता आहे. मात्र असे उद्रेक पूर्वसूचना देत नाहीत. त्यासाठी सातत्याने आकाश पाहावे लागते. ३ इंची दुर्बीण आपल्या महाविद्यालयांच्याही आवाक्यात आहे. किनाऱ्यावरील वाढत्या दिव्यांच्या झगमगाटात थोडा अंधार राखला, तर असे निरीक्षण आपले विद्यार्थीही करू शकतील.