परिचर्येचे शिक्षण : लेखांक सहावा
रुग्णशय्येजवळचे तास

गेल्या लेखांकात परिचर्येच्या तीन प्रमुख अभ्यासक्रमांचे प्रवेशनियम आपण पाहिले. दोन वर्षांच्या एएनएमला आणि तीन वर्षांच्या जीएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला मात्र जीवशास्त्रासह विज्ञान शाखा अनिवार्य आहे. तो मजकूर वाचून आमच्या विचुंब्यातल्या आणि शेजारच्या देवद-उसर्लीकडच्या काही पालकांनी विचारणा केली की, कामोठ्यापासून नेरूळपर्यंत परिचर्या महाविद्यालये आता इतकी झाली आहेत, तर मुलीला घालावे कोठे? त्यांच्याजवळ शुल्काचे तपशील होते, वसतिगृहांची छायाचित्रे होती, निकालाची टक्केवारीही होती. परंतु त्यांची मुलगी कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, किती रुग्णांजवळ आणि कोणाच्या देखरेखीखाली उभी राहणार आहे, याची चौकशी त्यांपैकी एकानेही केलेली नव्हती. माझ्या मते निवडीचा सारा निर्णय या चौकशीवरच व्हायला हवा, आणि म्हणून आजचा लेखांक केवळ प्रात्यक्षिक शिक्षणाला, म्हणजे विद्यार्थिनींच्या बोलीत ज्याला 'पोस्टिंग' म्हणतात त्याला, वाहिलेला आहे.

प्रथम कागदोपत्री असलेला हिशोब पाहू. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगसाठी केलेले सुधारित विनियम २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झाले आणि वार्षिक परीक्षांच्या जागी आठ सत्रांची पद्धती आली. या पद्धतीत अध्यापनाचा एक श्रेयांक वीस तासांनी पुरा होतो, कौशल्य-प्रयोगशाळेतला चाळीस तासांनी, आणि रुग्णालयातला एक श्रेयांक पदरात पडायला मात्र ऐंशी तास लागतात. आठवे सत्र तर जवळजवळ संपूर्णपणे आंतरवासितेचे असून तिची मुदत बावीस आठवड्यांची आहे : प्रौढ रुग्णांच्या परिचर्येला सहा आठवडे, आणि सामुदायिक आरोग्य, बालपरिचर्या, मानसिक आरोग्य व प्रसूतिशास्त्र यांना प्रत्येकी चार. जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध आणि एएनएमचे अखेरचे सहा महिने हेही अशाच आंतरवासितेसाठी राखलेले आहेत. हजेरीचा नियम याहूनही बोलका आहे. वर्गातील व्याख्यानांना ऐंशी टक्के उपस्थिती पुरते. प्रात्यक्षिकाची उपस्थिती मात्र पदवी हाती पडण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावी लागते. आजारपणाने बुडालेला दिवससुद्धा पुढे केव्हातरी, बहुधा सुटीत, भरून काढावाच लागतो, आणि या सक्तीची कल्पना नसलेल्या मुली पहिल्याच वर्षी गांगरून जातात.

हे नियम सर्वांना सारखेच आहेत. मग दोन संस्थांत फरक पडतो कोठे? तो पडतो खाटांच्या गणितात. परिषदेच्या निकषांनुसार संस्थेचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय असावे, त्यातील पाऊणशे टक्के खाटा भरलेल्या असाव्यात, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत. आता शंभर खाटांचे रुग्णालय घ्या. त्यातील पंचाहत्तर खाटांवर रुग्ण आहेत, म्हणजे तेथे एका वेळी पंचवीस मुली खऱ्या अर्थाने शिकू शकतील. परंतु ज्या महाविद्यालयात दरवर्षी साठ मुलींना प्रवेश मिळतो, त्याच्या चार वर्षांच्या मिळून दोनशे चाळीस मुली होतात, आणि त्यांपैकी निम्म्याच एका दिवशी रुग्णालयात पाठवल्या तरी तीनशे साठ रुग्ण हवेत. उरलेली तूट संलग्न रुग्णालयांनी भरून काढायची असते आणि ती पंधरा ते तीस किलोमीटरांच्या परिघात असावीत अशी अपेक्षा आहे. ज्या संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालयाशी निगडित मोठे रुग्णालय त्याच आवारात आहे, तिला हे गणित सहज सुटते. ज्या संस्थेजवळ ते नाही, तिचे सारे शिक्षण करारपत्रांवर अवलंबून राहते. अशा वेळी वीस मुली एका वॉर्डात पाठवल्या जातात, एक रुग्ण आणि एक रक्तदाबमापक यांभोवती त्या उभ्या राहतात, तासांची नोंद पुरी होते आणि शिक्षण मात्र अपुरेच राहते.

दुसऱ्याच्या रुग्णालयात शिकणे ही गोष्ट मुळात कमीपणाची नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली आपल्या विद्यार्थिनी परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडल्या, तेव्हा सोवळ्या-ओवळ्याच्या आणि परपुरुषस्पर्शाच्या कल्पनांनी जखडलेल्या समाजात तो केवढा धाडसाचा उपक्रम होता, याची आज कल्पनाही करवत नाही. सेवासदनाचे मोठेपण असे की, रुग्णालय परके असले तरी मुली परक्यांच्या हवाली केल्या आहेत असे त्याने कधी मानले नाही. आजच्या संलग्नतेच्या करारांत नेमकी हीच जबाबदारी पुष्कळदा कोणाचीच नसते : महाविद्यालय म्हणते, मुली रुग्णालयाच्या ताब्यात आहेत, रुग्णालय म्हणते, त्या आमच्या नाहीत.

प्रसूतिविभागात ही उणीव सर्वांत लवकर उघडी पडते. दीर्घकाळ चालत आलेल्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने तीस गर्भवतींची तपासणी, वीस नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हाताने आणि वीस बाळंतिणींची परिचर्या एवढे काम करून त्याची केसबुकात नोंद करावी अशी अपेक्षा होती. वीस प्रसूती! ज्या खाजगी प्रसूतिगृहात बहुसंख्य बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात आणि प्रत्येक रुग्णाचे नातेवाईक 'शिकाऊ मुलगी नको' असे स्पष्ट सांगतात, तेथे या वीस प्रसूती यायच्या कोठून? त्या येतात शासकीय रुग्णालयातून : पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून. तेथे लेबर रूममध्ये रात्रपाळीला कळा मोजणारी, पार्टोग्राफवर दर तपासणीची खूण करणारी आणि नाळ कापताना अनुभवी सिस्टरचा हात आपल्या हातावर अनुभवणारी मुलगी एका महिन्यात जे शिकते, ते सुसज्ज कौशल्य-प्रयोगशाळेतील पुतळ्यावर वर्षभरातही शिकता येत नाही. ज्या संस्थेचा शासकीय रुग्णालयाशी करार नाही, तिच्या केसबुकांतील आकडे पालकांनी सावधपणे वाचावेत.

मानसिक आरोग्याचे पोस्टिंग हा असाच एक कसोटीचा विषय आहे. या भागातील विद्यार्थिनींना त्यासाठी बहुधा ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावे लागते. विचुंब्याहून निघणाऱ्या मुलीला पहाटेच घर सोडून पनवेल स्थानक गाठावे लागते. ट्रान्स-हार्बर मार्गाची गाडी, पुढे ठाण्यातला प्रवास आणि सायंकाळी पुन्हा हाच क्रम : चार आठवडे हे सोसताना कित्येकींची प्रकृती ढासळते. ज्या संस्था या काळात ठाण्यात राहण्याची तजवीज करतात किंवा स्वतःची बस देतात, त्या आपल्या विद्यार्थिनींचा विचार करतात असे मी मानतो.

एएनएमकडे मात्र लोक कनिष्ठ अभ्यासक्रम म्हणून पाहतात, आणि हा मोठा अन्याय आहे. मैदानी प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे शासनाचे प्रमाण आहे. आणि त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे एएनएम. आपल्या तालुक्यात नेरे आरोग्य केंद्राच्या बाजूला निघावे, तर इमारतींची दाटी संपते आणि डोंगरपायथ्याच्या ठाकूर व कातकरी वाड्या सुरू होतात. तेथे घरोघरी जाऊन गर्भवतीचे वजन घेणे, लसीकरणाचा दिवस चुकवलेल्या बाळाला शोधून काढणे, खोकल्याचा रुग्ण थुंकीतपासणीसाठी केंद्रात आणणे, ही कामे रुग्णालयात वाढलेल्या पदवीधर परिचारिकेला सुरुवातीला जमत नाहीत. सामुदायिक आरोग्याचे चार आठवडे बी.एस्सी.च्या मुलींनी एखाद्या शहरी दवाखान्यात सर्वेक्षणाचे तक्ते भरण्यात घालवण्याऐवजी अशा वाड्यांवर काढले, तर त्या चार आठवड्यांचे चीज होईल.

आता एका दुखण्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे परिचर्या विद्यालय निघाले. त्या नमुन्यावर निघालेल्या असंख्य विद्यालयांत विद्यार्थिनी हीच रुग्णालयाची मनुष्यशक्ती ठरत गेली, आणि ती वहिवाट आपल्याकडेही रुजली. १९४६ च्या भोर समितीला साऱ्या देशात सुमारे सात हजारच परिचारिका आढळल्या. अशा टंचाईत शिकणारीला राबवून घेणे समजण्यासारखे तरी होते. आज ते समर्थनीय नाही. तरीही माझ्या परिचयाच्या मुली सांगतात की, नोकरीतल्या परिचारिकांची पदे रिक्त असल्यामुळे त्यांना सलग पाळ्यांवर ठेवले जाते, नमुने पोहोचवणे आणि स्ट्रेचर ढकलणे यांत दिवस जातो, आणि शिकवणाऱ्या ट्यूटर आठवड्यातून एखाद्या वेळी दिसतात. दहा विद्यार्थिनींमागे एक अध्यापक हे प्रमाण नियमात आहे. वॉर्डात ते पाळले जाते की नाही, हे कोणी मोजत नाही. ब्रिटनमध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्याला नोंदणीपूर्वी दोन हजार तीनशे तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घ्यावे लागते. परंतु त्या तासांत तो मनुष्यबळात मोजला जात नाही, 'अतिरिक्त' मानला जातो. तासांपेक्षा ही अट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि आपल्या परिषदेने ती निःसंदिग्ध शब्दांत घालावी.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी की, शुल्काची पावती घेण्यापूर्वी संस्थेकडे चालू वर्षाचा मास्टर रोटेशन प्लॅन मागावा. कोणत्या महिन्यात कोणत्या वर्षाची तुकडी कोणत्या रुग्णालयात असते, हे त्या एका कागदावर लिहिलेले असते, आणि ज्या संस्थेचे काम चोख आहे ती तो दाखवायला कचरत नाही. त्यानंतर तेथील तिसऱ्या वा चौथ्या वर्षाच्या मुलींना भेटावे, रात्रपाळीत त्यांच्याबरोबर कोण असते हे विचारावे, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने किती प्रसूती केल्या तेही विचारावे. त्यांची उत्तरे माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावीत. पुढील लेखांकात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी आणि तिचे नूतनीकरण यांचा विचार करू.