चाकांवरचे बिऱ्हाड आणि चार मित्र

निजण्याची, रांधण्याची, स्नानाची सोय असलेली घराएवढी मोटार घेऊन महिनोन्महिने हिंडणारी वयस्क दांपत्ये आज अमेरिकेत ठायी ठायी दिसतात. खेड्यात स्थायिक झालेल्या जुन्या स्नेह्याच्या अंगणात गाडी उभी करावी, दोन दिवस गप्पा माराव्यात आणि पुढची वाट धरावी, अशी त्यांची रीत. या प्रवासप्रकाराच्या आरंभकाळातील एक कथा व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. तिच्या चार नायकांपैकी तिघे उद्योगपती होते आणि चौथ्याला त्यांच्या उद्योगाविषयीच शंका होती.

हेन्री फोर्ड 1896 साली डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत अभियंता होते. त्या वर्षी एका संमेलनात थॉमस एडिसन यांनी त्यांच्या पेट्रोलच्या गाडीची कल्पना ऐकून घेतली व उत्तेजन दिले. फोर्ड ते आयुष्यभर विसरले नाहीत. तिसरे हार्वे फायरस्टोन. फोर्ड यांनी 1906 मध्ये त्यांच्याकडे टायरच्या दोन हजार संचांची मागणी नोंदवली आणि देण्याघेण्यातून स्नेह जुळला. चौथे जॉन बरोज, 1837 साली न्यूयॉर्क राज्यातील रॉक्सबरी या डोंगराळ गावी जन्मलेले, शुभ्र दाढीचे निसर्गलेखक. मोटारीमुळे माणसाची निसर्गाची ओढ संपेल, असे त्यांचे मत होते. फोर्ड यांनी वाद न घालता त्यांना एक मोटारच भेट पाठवली. वृद्ध बरोज ती चालवायला शिकले, एकदा थेट गोठ्याच्या भिंतीवर धडकले, पण गाडी त्यांनी सोडली नाही. पुढे फोर्ड यांनी बरोज यांचे वडिलोपार्जित शेतही विकत घेऊन त्यांच्या हाती दिले.

फ्लोरिडाच्या दलदली प्रदेशात 1914 साली पहिली सहल झाली. एडिसन आणि फायरस्टोन 1916 मध्ये रॉक्सबरीला जाऊन बरोज यांना बरोबर घेऊन निघाले. त्या वेळी फोर्ड येऊ शकले नव्हते. होकायंत्र घेऊन पुढे बसण्याचा मान एडिसन यांचा. शहरे टाळून आडवाटेने जाण्याचा त्यांचा हट्ट असे. फायरस्टोन कोठीघर सांभाळत. गाडी बिघडली की फोर्ड बाह्या सरसावत. 1918 च्या सहलीत एका गाडीचा पंखा तुटून पाण्याची टाकी फुटली, तेव्हा ती त्यांनी स्वतः दुरुस्त केली. वाटेत ओढा दिसला की त्यातून किती शक्ती मिळेल याचा हिशेब ते मांडत. वेस्ट व्हर्जिनियातील एका जुन्या पाणचक्कीच्या चाकावर हे मित्र बसलेले आहेत, असे त्याच वर्षीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

सामानाच्या गाड्या, तंबू, आचारी, विजेऱ्यांवर उजळणारे दिवे आणि पुढे तर खास बांधलेली स्वयंपाकाची गाडी! त्या पंगतीतील पदार्थ आपल्या घरी चालणारे नव्हेत, हे सांगायला नको. पण शिखरजीच्या यात्रेला महाराज, शिधा आणि भांडीकुंडी बरोबर घेऊन निघणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी रस्त्याकडेला चूल मांडणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही व्यवस्था मुळीच परकी वाटणार नाही.

शेकोटीभोवतीच्या गप्पा मात्र नेहमीच गोड नसत. 1919 च्या सहलीत फोर्ड यांनी जगातील साऱ्या अनर्थांचे खापर यहुदी धनिकांवर फोडले आणि उदाहरण म्हणून रेल्वेसम्राट जे गूल्ड यांचे नाव घेतले. गूल्ड हे रॉक्सबरीचेच, बरोज यांचे शाळासोबती. ते घराणे यहुदी नसून ख्रिस्ती आहे, असे बरोज यांनी तेथल्या तेथे सांगितले आणि हा प्रसंग रोजनिशीत नोंदवला. ज्याने शेत सोडवून दिले त्याच्या तोंडावर सत्य सांगणे सोपे नसते. फोर्ड यांचा पूर्वग्रह त्याने गेला नाही. पुढील वर्षी त्यांच्याच साप्ताहिकातून यहुद्यांविरुद्ध लेखमाला सुरू झाली. थोड्या संख्येच्या, व्यापारावर जगणाऱ्या समाजाविषयी असे बोलले जाते तेव्हा काय वाटते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

बरोज 29 मार्च 1921 रोजी कॅलिफोर्नियाहून घरी परतताना आगगाडीतच निवर्तले. 3 एप्रिलला, त्यांच्या चौऱ्याऐंशीव्या जन्मदिनी, रॉक्सबरीत त्यांना पुरण्यात आले. बालपणी ज्या खडकावर ते बसत, त्याच्याच पायथ्याशी. त्याच वर्षी जुलैत मेरीलँडमधील मुक्कामावर खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग आले आणि त्यांच्यामागून वार्ताहर व छायाचित्रकार. सहलींची कीर्ती वाढली, निवांतपणा गेला. या प्रसिद्धीचा लाभ मोटारींच्या व टायरच्या विक्रीला होत होता, हेही खरेच. पण वृद्ध मित्राच्या परसात तंबू ठोकण्याची गंमत त्यात उरली नव्हती. 1924 मध्ये व्हरमाँटच्या खेड्यात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना ते भेटले. कूलिज यांनी फोर्ड यांना मेपलचा रस गोळा करण्याची घराण्यातील जुनी बादली भेट दिली. त्यानंतर सहली थांबल्या.

फ्लोरिडात फोर्ट मायर्स येथे एडिसन यांच्या हिवाळी घराशेजारचे घर फोर्ड यांनी 1916 मध्येच घेऊन ठेवले होते. दोन आवारांमधील कुंपणात एक फाटक होते. 1931 मध्ये एडिसन यांचे निधन होईपर्यंत, त्या फाटकातून जाण्यासाठी दोघांपैकी कोणालाही मोटारीची गरज पडली नाही.